पाय रोवायला जमीन नसते तेव्हा

ब्राह्मणपुरीला आमच्या शेतात विहीर खोदायला घेतली तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो. रब्बी निघाली, उन्हे तापू लागली की शहादा तालुक्यात विहिरींची कामे निघतात आणि मृगापर्यंत चालतात. एका सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून लोखंड आले. एक उंच डांब, एक लांब हात, तारेचा दोर गुंडाळलेले रीळ, डिझेलचे इंजिन, पत्र्याचा मोठा टब आणि नटबोल्टांनी जड झालेले एक पोते. दुपारपर्यंत त्या सुट्या भागांची यारी उभी राहिली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, यारी म्हणजे विहीर खोदणाऱ्यांची हलवता येणारी क्रेन. तिचा हात विहिरीच्या तोंडावर येतो, टब खाली जातो, फोडलेला मुरूम-दगड घेऊन वर येतो, हात बाजूला फिरतो आणि टब रिता होतो. यंत्र आणलेले असते माती काढायला. पण सकाळी त्याच टबात एक पाय टाकून, तारेचा दोर मुठीत धरून माणसे खाली उतरत, आणि दिवस कलला की तशीच वर येत.

खोदणाऱ्यांत एक वयस्क गृहस्थ होते, सगळे त्यांना आबा म्हणत. इंजिन सुरू होण्याआधी आबा रोज यारीभोवती फिरत. मागच्या बाजूला वजनासाठी रचलेले दगड पायाने हलवून बघत. बोल्टांना पाना लावून बघत. मग एक चिंधी दोराभोवती धरून तो दोर तिच्यातून ओढत. दोरातली एखादी बारीक तार तुटली असेल तर चिंधी तिथे अडकते. मी एकदा विचारले, कालच तर पाहिले होते ना? संध्याकाळी सुरुंग उडाला होता, जमीन हादरली होती, हे काही त्यांनी मला समजावून सांगितले नाही. अहिराणीत एवढेच म्हणाले, "पहिले दोर देख, मंग उतर."

पुढे मी अभियांत्रिकी शिकलो, परांचीच्या पाइपांचे आणि उचलण्याच्या सामानाचे काम केले, आणि माणसाचा भार पेलणाऱ्या कोणत्याही सांगाड्याकडे त्या चिंधीच्या नजरेने बघण्याची सवय लागली. म्हणूनच, या पुस्तिकेला प्रस्तावना लिहाल का, असे मला विचारले गेले तेव्हा विषय ऐकूनही मी नाही म्हटले नाही. विषय स्पष्ट शब्दांत सांगतो. काही प्रौढ माणसे परस्परांच्या संमतीने, आपल्या खासगी जागेत, दोरबंधन करतात. एक जण बांधतो, दुसरा बांधून घेतो. त्यातले काही जण बांधलेल्या व्यक्तीला थोडेसे किंवा पूर्णपणे जमिनीवरून उचलून अधांतरी धरतात. त्यासाठी छताला न अडकवता आपल्याच पायांवर उभी राहणारी, सोडवून पिशवीत घालून नेता येणारी चौकट लागते. ही पुस्तिका त्या चौकटीबद्दल आहे.

मराठीत असे लिहावे का, हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांचे म्हणणे साधे होते. शरीराबद्दलचे अज्ञान माणसाला इजा करते, आणि ती इजा लाजेखाली झाकली जाते. दोरबंधनाला हे जसेच्या तसे लागू आहे. छतातला हुक निसटून ज्याचे मनगट मोडते तो डॉक्टरांना सांगतो, जिन्यावरून पडलो. हुक का निसटला हे त्यामुळे कुणालाच कळत नाही, आणि पुढचा माणूस तसाच हुक ठोकतो.

बांधलेल्या माणसाला उंच धरणारी, चालती-फिरती चौकट महाराष्ट्राला नवी नाही. साताऱ्याच्या वाई तालुक्यातले बावधनचे बगाड घ्या. भैरवनाथाच्या यात्रेत, रंगपंचमीला, दगडी चाकांचा प्रचंड लाकडी गाडा निघतो. त्याच्या खांबावर लांबलचक शीड आडवे चढवलेले असते आणि शिडाच्या टोकाला नवस असलेला माणूस, म्हणजे बगाड्या, बांधलेला असतो. बगाड्या कोण होणार हे देवाचा कौल लावून ठरते. सोनेश्वराकडून निघालेले बगाड शेतांतून बावधनकडे येते, बैलांच्या जोड्या वाटेत बदलत राहतात. जुन्या काळी माणसाच्या पाठीत गळ टोचून त्याला टांगत, इंग्रजी अमलात त्यावर बंदी आली, आणि आता बगाड्याला बांधतात. आमच्या सातपुड्याच्या पलीकडे, झाबुआ-अलिराजपूरच्या भिल्ल मुलुखात, होळीनंतर 'गल' असतो. उंच लाकडी मचाणावर आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला नवस फेडणारा बांधलेला, आणि खालून दोराने त्याला गोल फिरवतात. गलाचे खांब जमिनीत पुरलेले असतात, बगाडाला मात्र चाके असतात. इंजिनिअर म्हणून मला दोन्हींत हाच मोठा फरक दिसतो.

देवाला वाहिलेल्या अंगाची आणि दोन माणसांच्या खासगी सुखाची मी बरोबरी करत नाही, वाचकानेही करू नये. मी बघतोय तो भार. बगाडाच्या शिडाला देवाची ओढ असो वा नसो, वजन खाली ओढतेच, आणि गाडा दगडावरून उसळला की शिडाच्या टोकाशी तो हेलकावा कितीतरी पट होऊन पोचतो. गावातल्या सुतारांना, दोर आवळणाऱ्यांना, शिडामागे चालणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बगाड दर वर्षी नव्याने जोडले जाते आणि दर वर्षी नव्याने तपासले जाते. ते एकट्याचे काम नसते, बघायला सगळे गाव असते. बंद खोलीत हे गाव नसते. तिथे दोनच माणसे असतात आणि त्यातल्या एकाचे हात बांधलेले असतात.

ज्या प्रकारचे दोरकाम आज शहरांत शिकले जाते त्याचे मूळ जपानमध्ये आहे. एदो काळात कैद्यांना दोराने बांधण्याची होजोजुत्सु नावाची विद्या होती. कैद्याची सामाजिक पायरी कोणती यावरून बांधणी बदलत असे. विसाव्या शतकात इतो सेइउ या चित्रकाराने (१८८२–१९६१) त्या शिक्षेच्या बांधण्यांतून चित्रे आणि छायाचित्रे घडवली, आणि त्याच्यानंतर 'किनबाकू' ही प्रौढांची कला वाढत गेली. शब्दाचा अर्थच घट्ट बांधणे. दोर तागाचा किंवा भांगेच्या वाखाचा, साधारण सहा मिलिमीटर जाडीचा, सात-आठ मीटर लांबीचा. आमच्या अंबाडीच्या दोराला हा जवळचा नातेवाईक. मी पहिल्यांदा तो हातात घेतला तेव्हा वास ओळखीचा वाटला. दावे, कासरा, चऱ्हाट, मोटेचा नाडा आणि सोल, इतकी नावे ज्या भाषेत दोराला आहेत तिला या विषयासाठी शब्द उसने आणायची फारशी गरज पडू नये. सुरगाठ आणि निरगाठ हा भेद तर आपल्याकडे लहान पोरालाही कळतो, आणि भार असतानाही पटकन सुटेल अशी गाठ कुठे हवी नि हलताही कामा नये अशी कुठे, यावर या कामातले अर्धे शहाणपण उभे आहे.

एक शब्द मात्र मी पुस्तिकाकारांना मुद्दाम सुचवला आणि त्यांनी तो घेतला. तीन पायांच्या चौकटीला त्यांनी 'तिकटी' म्हटले आहे. तुरुंगात फटके मारताना कैद्याला जिच्याशी बांधत तिलाही तिकटीच म्हणत. हा इतिहास पुसू नये असे मला वाटते. त्या तिकटीवर माणसाला कुणी विचारले नव्हते. या तिकटीखाली उभे राहणाऱ्याला दर वेळी विचारावे लागते, आणि तो मधेच नको म्हणाला तर त्याच क्षणी खाली उतरवावे लागते. लाकूड तेच आहे, म्हणून फरक जिभेवर ठेवायला हवा.

आता चौकट हलती का हवी? याचे पहिले उत्तर भाड्याचे घर आहे. पुण्या-मुंबईत, सुरतेत, आमच्या भागातली पोरे जिथे जिथे नोकरीला गेली तिथे ती भाड्याने राहतात. छताला भोक पाडायला घरमालकाची परवानगी लागते आणि कारण सांगता येत नाही. दुसरे उत्तर छत स्वतः. काँक्रीटचा स्लॅब मजबूत असतो, पण त्यात बसवलेला खुंटा किती खोल गेला आहे, त्याच्याभोवतीचे काँक्रीट पोकळ आहे का, हे खालून दिसत नाही. पंख्याचा हुक पंख्यासाठी असतो. पीओपीच्या खोट्या छताबद्दल तर बोलायलाच नको. चौकटीचा प्रत्येक सांधा डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, हा तिचा मोठा गुण. राहत्या खोलीची उंची साधारण २.७५ मीटर असते आणि बहुतेक तिकट्या त्यातच मावतील अशा बांधतात.

पण ज्या सोयीसाठी ती सुटी केली तीच तिची धोक्याची जागा आहे. पुरलेला खांब एकदा रोवला की जमीन त्याला धरून ठेवते. सुट्या चौकटीला जमीन धरत नाही. तिला आपल्या भूमितीवर उभे राहावे लागते, आणि ती भूमिती दर वेळी कुणीतरी हाताने नव्याने रचलेली असते. काल भार पेलला ही कालच्या चौकटीची गोष्ट. आज पाय चार बोटे कमी फाकले, एक खीळ अर्धीच बसली, तर आजची चौकट वेगळी आहे. आबा रोज फिरत ते यासाठीच, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले.

तिकटीचे गणित फार अवघड नाही, म्हणून इथेच मांडतो. ८० किलोची व्यक्ती शेंड्याला स्थिर टांगली आणि तिन्ही पाय उभ्या रेषेपासून ३० अंशांनी फाकलेले असले, तर प्रत्येक पायावर लांबीच्या दिशेने सुमारे ३१ किलोचा दाब येतो आणि प्रत्येक पाऊल सुमारे १५ किलोच्या जोराने बाहेर सरकू पाहते. तेच पाय ४५ अंशांवर नेले की दाब ३८ होतो, बाहेरचा रेटा २७. साठ अंशांवर दाब ५३ आणि रेटा ४६. पायांवरचा दाब थोडा वाढला तरी पाइप सहन करतो. घात करतो तो रेटा, कारण गुळगुळीत फरशीवर त्याला अडवायला फक्त घर्षण असते. विहिरीवर तिकटी लावणारे पाय खड्ड्यात बसवतात. फरशीत खड्डा करता येत नाही, म्हणून तिन्ही पायांना खालून साखळीने किंवा पट्ट्याने एकमेकांशी जखडायचे. पायांखालचे रबर हे जास्तीचे, साखळीच्या बदल्यातले नव्हे.

लोकांना न पटणारी दुसरी गोष्ट म्हणजे तिकटी कुठल्या बाजूला कलंडते. सगळे पायांकडे बघतात. ती पायाच्या दिशेने पडत नाही, दोन पायांच्या मधल्या मोकळ्या बाजूला पडते. समान अंतरावर टेकलेल्या तीन पावलांचा त्रिकोण काढा. मध्यापासून पाऊल १.२ मीटरवर असेल तर मोकळी कड फक्त ६० सेंटिमीटरवर असते, बरोबर निम्म्यावर. टांगलेल्या माणसाचा झोका या कडेकडे गेला की चौकटीचा एक पाय हलका होतो, उचलला जातो. चार पायांच्या चौकटीत, पाऊल तेवढ्याच अंतरावर असताना, कड सुमारे ८५ सेंटिमीटरवर असते. पण चार पाय उंचसखल जमिनीवर डगमगतात आणि तीन पाय कुठेही टेकतात. विहिरीवाल्यांनी तिकटी पसंत केली त्याला हे कारण, आणि सपाट फरशीच्या घरात ते कारण उरत नाही. माझे मत विचाराल तर घरात चार पाय बरे. पुस्तिकाकारांचे मत तिकटीकडे झुकलेले आहे, कारण ती हलकी. आमचा हा वाद मिटलेला नाही.

दोन कैच्या आणि त्यांवर आडवा पाइप ही तिसरी पद्धत. ती दिसायला भक्कम वाटते, आणि कैच्यांच्या अंगाला भक्कम असतेही. पण आडव्या पाइपाच्या लांबीच्या दिशेने, तिरपे आधार दिलेले नसले तर, पत्त्यांच्या घरासारखी झोपते. शिवाय आडवा पाइप वाकतो. दोन आधारांतले अंतर दुप्पट केले की मधोमधचा तोच भार पाइपाला आठपट वाकवतो. परांचीचा ४८.३ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पाइप, ज्याला बाजारात दीड इंची म्हणतात, एक मीटरवर जसा वागतो तसा अडीच मीटरवर वागत नाही. उभ्या पायांनाही हीच खोड आहे. बारीक लांब पाय चिरडण्याआधी बाजूला बाक धरून निकामी होतो, आणि लांबी दुप्पट झाली की ही ताकद चौथाईवर येते. पिशवीत मावावेत म्हणून पाय दोन तुकड्यांत करतात, त्यामुळे मधल्या सांध्यात खेळ राहिला की बाक तिथूनच सुरू होतो.

बांबूची गोष्ट निराळी. जपानी दोरकामात बांबू मानाचा आहे, आणि आपल्याकडे तो दारात उभा असतो. लांबीच्या दिशेने बांबू विलक्षण ताकदवान, पण उभा चिरतो. त्याला भोक पाडून बोल्ट घालणे म्हणजे चीर आपल्या हाताने सुरू करून देणे. बांबू बांधावा, खिळू नये. आणि किड्यांनी पोखरून पिवळी भुकटी गळणारा बांबू कितीही सरळ दिसला तरी सरपणाला द्यावा.

वर दिलेले सगळे आकडे स्थिर माणसाचे आहेत. माणूस स्थिर नसतो. भार एकदम सोडला, उंचीवरून पडू न देताही नुसता एकदम सोडला, तर क्षणभर तो दुप्पट होतो. ८० किलोचे १६० होतात. दोर सैल असताना माणूस थोडासा जरी पडला तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणून माणसासाठीच्या सामानात तुटण्याचा भार आणि सुरक्षित भार यांत दहापटीचे अंतर ठेवण्याची चाल आहे. गिर्यारोहणाच्या कडीवर किलोन्यूटनमध्ये आकडा कोरलेला असतो, एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलोचा ओढा. २० किलोन्यूटनची कडी पाहून लोक निर्धास्त होतात आणि ती कडी शोभेच्या साखळीला अडकवतात. सगळ्यात कच्चा दुवा कुठला, तेवढीच चौकटीची ताकद.

चौकट उभी राहिली, पण अंगाला दोर कुठे लागतो? या प्रश्नावर पुस्तिकेत एक मोठे प्रकरण आहे, आणि ते वगळून चौकटीची प्रकरणे कुणी वाचू नयेत. दंडाच्या मागून बाहेरच्या अंगाला वळणारी नस हाडावर अगदी चिकटून जाते. तिथे दोराचा दाब बसला की बोटे बधिर होतात, मनगट वर उचलता येत नाही, हात लुळा लोंबतो. खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून गाढ झोपलेल्या माणसालाही हेच होते, म्हणून डॉक्टरांना हे दुखणे जुने ठाऊक आहे. बहुतेकदा नस सावरते, पण त्याला आठवडे लागतात, कधी महिने. दुखणे हा इशारा म्हणून पुरत नाही, कारण नस दबताना पुष्कळदा दुखतच नाही, मुंग्या येतात आणि मग काहीच कळत नाही. म्हणून बोलत राहायचे, बोटे हलवून दाखवायला सांगत राहायचे. दुसरे म्हणजे, पाय लोंबते ठेवून निश्चल टांगलेल्या माणसाचे रक्त पायांत साठते आणि काही मिनिटांत भोवळ येऊ शकते. पट्ट्यात अडकून लोंबकळणाऱ्या गिर्यारोहकांमुळे हे माहीत झाले. बोथट टोकाची कात्री हाताशी हवी, दुसऱ्या खोलीतल्या कपाटात असलेली कात्री नसल्यासारखीच. आणि एकट्याने स्वतःला कधीही टांगू नये. या एका वाक्यासाठी मी पुस्तिकेत ठळक अक्षर मागितले आहे.

कायद्याविषयी थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधांना ३७७व्या कलमातून सोडवले. १८६०च्या दंडसंहितेचे ८७वे कलम, जे आता भारतीय न्याय संहितेत २५वे आहे, अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीला मान देते, पण कृत्याचा हेतू मृत्यू किंवा गंभीर दुखापत हा नसावा आणि तसे घडण्याचा संभवही माहीत नसावा, या अटीवर. गंमत म्हणून तलवारबाजी खेळणारे दोघे, असे उदाहरण त्या जुन्या कलमाखालीच दिले होते. इंग्लंडच्या सर्वोच्च पीठाने १९९३मध्ये याहून कडक भूमिका घेतली होती. संमतीची ढाल आपल्याकडेही सगळीकडे पुरत नाही, हे वाचकाने पक्के लक्षात ठेवावे.

मला सर्वात जास्त भावलेला नियम पुस्तिकेत चौथ्या प्रकरणाच्या शेवटी, काहीसा आडबाजूला आला आहे. चौकट उभी झाल्यावर तिच्यावर पहिला भार बांधणाऱ्याने स्वतःचा टाकायचा, हातांनी लोंबकळून, चारी बाजूंना ओढून. त्यानंतर जो टांगून घेणार आहे त्याने, हात मोकळे असताना, स्वतः सगळी चौकट हाताने तपासायची. बांधून घेणारा म्हणजे गप्प राहणारा, असा समज या नियमाने मोडतो. एकदा बांधला गेला की त्याला पाना हातात घेता येणार नाही. म्हणून तपासण्याचा हक्क आधी त्याचा. यारीच्या मालकाने आबांना कधी पाना नाकारला नाही. नाकारला असता तर आबा उतरले नसते, आणि हे दोघांनाही माहीत होते.

आमच्या विहिरीला पाणी लागले तेव्हा मृग चार दिवसांवर होता. यारी सोडवायला घेतली. हात उतरवला, डांब आडवा केला, रीळ ट्रॉलीत चढले. ड्रायव्हर इंजिन चालू करून बसला होता, त्याला दुसऱ्या गावाला पोचायचे होते. आबा मात्र पोते पालथे करून बोल्ट मोजत बसले. एक कमी भरला. पुन्हा मोजले, पुन्हा कमी. मग ट्रॅक्टर बंद झाला, आणि आम्ही सगळे, माझी आईसुद्धा, खोदून काढलेल्या मुरमाच्या ढिगात हाताच्या बोटाएवढा एक बोल्ट शोधत राहिलो, दिवस बुडेपर्यंत.